आता ऊठ

ते साल एकोणीसशे एकाहत्तर. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि पहिल्या रांगेतली त्यांची कडेची खुर्ची रिकामी ठेवून उघडणारा कंपनीचा तो पहिलाच हंगाम. आमच्या घरात वर्षं कुणी मोजत नसे, हंगाम मोजायचे. त्या हिशेबानं मला धाकटी सून म्हणून येऊन तीन हंगाम झाले होते.

त्या हंगामाच्या तोंडावर जे घडलं त्यातलं थोडंच मी डोळ्यांनी पाहिलं. बाकीचं ज्याच्या त्याच्या तोंडून कळलं, कुणाकडून लगेच, कुणाकडून केस पांढरे झाल्यावर. बोलायची सगळी हौस स्टेजवर फिटायची, त्यामुळे घरात ही माणसं मुकीच.

मोठं नाटक म्हणजे कारभाऱ्याचं नाटक. ते आमच्या आजेसासऱ्यांच्याही आधीचं. त्यांनी ते उचललं आणि त्याच्यावर हे थिएटर बांधलं. गोष्ट साधी आहे. राजा मरतो, वारस पाळण्यात असतो. कारभारी शपथ घेतो, की पोर मोठं होईपर्यंत मी शेजारच्या ठेंगण्या आसनावर बसून राज्य सांभाळीन, सिंहासनाला शिवणार नाही. दुसऱ्या अंकात एकदा पाय दुखतात म्हणून तो सिंहासनावर टेकतो. म्हातारा न्यायाधीश त्याच्याकडे नुसता बघतो. तेव्हा तो हसून म्हणतो, "आता उठतो. एवढा एक निवाडा होऊ दे." आणि मग तो उठत नाही. चौथ्या अंकात वारस विहिरीत सापडतो. पाचव्या अंकात मोकळ्या महालात कारभारी एकटा बसलेला असतो, आणि त्याला ऊठ म्हणायलासुद्धा कुणी उरलेलं नसतं.

आमच्याकडे न्हाणीत कुणी फार वेळ लावला, की बाहेरून दार वाजवून विचारायचे, "काय हो, निवाडा झाला का?"

पण एका बाबतीत त्या नाटकाची थट्टा चालत नसे. आजेसासऱ्यांनी नियम घालून ठेवला होता: जो कारभारी करील तो कंपनीचा मालक. तो स्वतःहून उठेल तेव्हाच ती खुर्ची रिकामी झाली समजायचं. त्याला कुणी ऊठ म्हणायचं नाही, आणि जो म्हणेल त्यानं जन्मात तिच्यावर बसायचं नाही. ते स्वतः एका तालमीत उठले, अंगावरचा शेला आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, खांद्यावर टाकला आणि खाली जाऊन बसले. ती गोष्ट आबा इतक्यांदा सांगत, की आम्ही सगळेच तिथं हजर होतो असं वाटायचं.

आता आबांनी सत्तरी ओलांडली होती.

*

हंगामाच्या पहिल्या प्रयोगाला तीन दिवस होते. दुपारी दादा, म्हणजे माझे थोरले दीर, स्टेजवर सिंहासन उलटं करून त्याचा डगमगणारा पाय बघत बसले होते. कंपनीतली माणसं त्यांना पाठीमागे 'हातोडी' म्हणत. महाल, विहीर, तुरुंग, सगळं त्यांच्या हातचं. ते सिंहासनही त्यांनी दोनदा नव्यानं बांधलं होतं. त्यांनी मला एकदा सांगितलं, "बांधताना प्रत्येक वेळी बसून बघावं लागतं गं, माप कळायला. पण मी बसताना आधी दार लावून घ्यायचो."

अक्का विंगेत तिच्या कोपऱ्यात होती. ती सगळ्यांत मोठी, दादांची आणि ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, थोरली बहीण. लग्न केलं नाही, का ते कुणी विचारलं नाही. प्रॉम्प्टरचं काम करू लागली तेव्हा परकरात होती म्हणतात. प्रॉम्प्टर म्हणजे नट अडला की त्याला आडून शब्द सुचवणारा माणूस. आमच्या कंपनीत तो पूर्ण शब्द कधी देत नसे. अर्धा द्यायचा आणि शेपूट गिळायचं, म्हणजे नट ते आपलं आपण उचलतो आणि लोकांना पत्ता लागत नाही.

अजून एक गोष्ट तिच्याबद्दल सांगायला हवी. घरात सगळे आबांना अहो-जाहो करीत, आईसुद्धा. अक्का एकटी त्यांना 'तू' म्हणायची. पहिली मुलगी, आजीच्या मांडीवर वाढलेली. आजी मुलाला 'अरे' म्हणे, तेच हिच्या तोंडी बसलं. आजी गेल्यावर त्यांना 'तू' म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस राहिलं.

दादा हात पुसत तिच्याजवळ गेले. "अक्का, आबांचं काय चाललंय?"

"काय चालायचंय?"

"उगाच आढेवेढे घेऊ नकोस. किती ठिकाणी अडतात यंदा?"

"तू तुझे खिळे बघ."

"बघतोय की. तीन दिवसांनी हॉल भरणार आहे. भर प्रयोगात थांबले म्हणजे? लोक हसतील अक्का. आबांना कुणी हसलेलं मला बघवणार नाही."

"मला बघवेल?"

"तेच म्हणतोय. तू त्यांच्याशी बोल. तुझं ऐकतात. उठा म्हणू नकोस, नुसतं आपलं... थकलात म्हण. आणि मी थोरला आहे, मागं कंपनीचं काय होईल ही काळजी त्यांना नको."

"थोरला तू कुठला रे," अक्का म्हणाली. "थोरली मी."

दादा हसले. त्यांना तो विनोद वाटला. अक्का हसली नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

*

ह्यांचं वेगळंच चाललं होतं. थिएटरच्या वरच आमच्या खोल्या होत्या. आमच्या खिडकीतून समोरचं दिव्यांचं दुकान दिसे, आणि संध्याकाळी त्या दुकानाचा उजेड भिंतीवर पडला, की हे त्या उजेडात उभे राहून कारभारी करून बघत. हात कुठवर उचलायचा, मान कधी वळवायची. ह्यांचा आवाज म्हणजे ह्यांचाच; आबा त्यांना लहानपणापासून 'पोपट' म्हणत, कारण एकदा ऐकलं की पाठ. म्हणताना कौतुक असे आणि थोडी टोचणीही.

"दादा अक्काकडे जाऊन आला," हे म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"हात पुसून गेला होता. एरवी राजाकडेसुद्धा भुशाच्या हातानं जाईल." मग जवळ येऊन म्हणाले, "तू बोल ना अक्काशी. तुला ती नाही म्हणणार नाही. वहिनीसुद्धा म्हणते, दादा स्टेजवर उभा राहिला की कपाट ठेवल्यासारखं वाटतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आजोबांचं नाटक आहे ते, फर्निचर नव्हे."

"तुम्हीच बोला की. तुमची बहीण आहे."

"मी मागितलं तर मागितल्यासारखं दिसतं."

त्यांनी दुसऱ्या दिवशी मागितलंच. अक्कानं दोघांनाही एकच उत्तर दिलं, "बघते." दोघांनीही ते होकारात मोजलं.

त्याच दुपारी मी आणि थोरल्या जाऊबाई मागच्या खोलीत पोशाखांना इस्त्री करीत होतो. जाऊबाईंची जीभ म्हणजे कात्री. घरात त्यांना सगळे जरा बिचकून असत.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला आवाज आहे आणि माझ्या नवऱ्याला पाठ आहे. दोघं मिळून एक माणूस झाला असता तर बरं झालं असतं. सासूबाईंनी दोन वेळा त्रास घेतला."

मी हसत होते तेवढ्यात खालून, मोकळ्या हॉलमधून आवाज आला. पाचव्या अंकातलं भाषण. संथ, दमलेला, मोठा आवाज, भिंतीला हात लावत अंधारात चालणाऱ्या माणसासारखा. माझ्या हातातली इस्त्री थांबली.

"आबा झोपले नाहीत वाटतं," मी म्हणाले.

"आबा झोपलेत," जाऊबाई म्हणाल्या. "शेल्यावर डाग पडेल, इस्त्री उचल."

"मग कोण?"

त्यांनी शेला झटकला, घडी घातली, त्याच्यावर तळहात फिरवला. "सगळे जेवून आडवे झाले की ती करते. आईंना माहीत होतं. त्यांनी एकदा आबांपाशी विषय काढला होता, तर आबा इतके हसले, की आईंनी तो पुन्हा काढला नाही. तू ऐकलंस ते ऐकलंस. आता विसर."

मी विसरले नाही. मी तो पार्ट आबांचा पाहिला, पुढं दादांचा पाहिला, दुसऱ्या कंपन्यांतल्या नावाजलेल्या नटांचाही पाहिला. त्या दुपारी खोलीत वाफ भरली होती, अंगावर शहारा आला तो तेवढ्याच वेळी.

*

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटची तालीम झाली. पोशाख घालून, दिवे लावून. खाली खुर्च्यांत आम्ही दोघी सुना आणि तिकीट खिडकीवरचे म्हातारे काका. हे न्यायाधीशाच्या कामात, पांढरी दाढी लावून. दादा विंगेत पडद्याच्या दोरीपाशी.

आबांचं त्या दिवशी काय झालं ते त्यांनी पुढं एकदा मला सांगितलं, मी त्यांना औषध देत असताना, आपणहून. पहिला अंक उत्तम गेला होता. दुसऱ्यात ते सिंहासनावर टेकले. न्यायाधीशानं त्यांच्याकडे बघितलं. इथं आबा दर वेळी न्यायाधीशाकडे न बघता समोर, पहिल्या रांगेच्या कडेला बघत आणि तिथं बघून हसत. चाळीस वर्षं ते हसू आईंसाठी होतं. लोकांना वाटे कारभारी लोकांकडे बघून निर्लज्जासारखा हसतोय. त्या हसण्याला टाळी पडे.

त्यांनी समोर बघितलं, तिथं कुणी नव्हतं.

"शब्द गेला असं नाही," आबा मला म्हणाले. "शब्द ठेवायची जागाच गेली. फडताळ उघडावं आणि मागं भिंतच नसावी, तसं."

आम्ही खाली वाट बघत होतो. आधी वाटलं, थांबून घेताहेत; आबांचं थांबणं प्रसिद्ध होतं. मग ते थांबणं लांबलं. ह्यांची दाढी हलली. हे ओठांनी शब्द सांगायला निघाले होते आणि मधेच मिटले. दादांनी दोरी घट्ट धरली. ते वाक्य आम्हा सगळ्यांना येत होतं, तिकिटवाल्या काकांनाही येत होतं.

आणि विंगेतून अक्कानं शब्द दिला.

"आता उठ—"

नियमाप्रमाणे अर्धा. 'तो' गिळलेला. कागदावर उठतोमधला उकार ऱ्हस्व आणि ऊठमधला दीर्घ, पण कानाला कुठं व्याकरण असतं. हॉल रिकामा होता, आवाज जरा मोठा लागला. आबांना जगात 'तू' म्हणणाऱ्या एकुलत्या एका माणसाचा आवाज. तो आम्ही सगळ्यांनी ऐकला: आता ऊठ.

आबांनी मान वळवून विंगेकडे बघितलं. रागानं नाही. लहान मुलाला खेळातून बोलावलं की ते जसं बघतं तसं, खरंच का म्हणून.

मग ते उठले.

त्यांनी खांद्यावरचा शेला काढला. हे दोन पावलं पुढं आले, मला ते खालून दिसलं; आणि विंगेतून दादाही बाहेर आले. दोघांचेही हात थोडे उचललेले होते. आबांनी शेल्याची घडी घातली, सिंहासनाच्या हातावर ठेवली आणि दोघांच्या मधून चालत रंगपटात निघून गेले.

*

दुपारी जेवायला सगळे टेबलाशी बसलो. ते दरबाराचंच टेबल, प्रयोग नसला की वर आणून आम्ही त्यावर जेवायचो. आबा टोकाला बसले होते. तोंडावरचा रंग नीट पुसला नव्हता, कानापाशी राहिला होता. कुणी त्यांना ते सांगत नव्हतं.

मग आबा म्हणाले, "मला एक विचारायचंय. सकाळी अक्का बोलली, तो शब्द दिला होता की मला सांगितलं होतं?"

प्रश्न किती सोपा होता. शब्द दिला होता म्हटलं, की आबा परत खाली जाऊन बसणार आणि उद्या पडदा त्यांच्यावरच उघडणार. सांगितलं होतं म्हटलं, की ते ऐकून आपल्या पायांनी उठले, खुर्ची रिकामी झाली आणि सांगणारी तिला कायमची मुकली. पुढचं वाक्य काय आहे हे त्या टेबलाशी प्रत्येकाला ठाऊक होतं.

"दादा, तू तर तिच्या शेजारीच होतास."

"माझं लक्ष दोरीकडे होतं," दादा म्हणाले. ताटात बघत होते.

"पोपट?"

"मला नीट ऐकू नाही आलं, आबा. दाढीचा दोरा कानावरून जातो."

"अच्छा. तुझ्या आजोबांनीही उतारवयात तीच दाढी लावली. त्यांना ऐकू यायचं."

दोघे भाऊ आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला होते, तेही मूग गिळून.

मग ज्यांनी बोलावं असं मला स्वप्नातही वाटलं नसतं त्या बोलल्या. थोरल्या जाऊबाईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "आबा, पुढचं वाक्य तेच आहे. आता उठतो, एवढा एक निवाडा होऊ दे. तुम्ही अडलात, अक्कांनी शब्द दिला. एवढंच झालं. चहा घ्या, रंग पुसा, आणि खाली चला."

दादांनी बायकोकडे असं बघितलं, की मीच मान खाली घातली. या बाईला मालकीण व्हायचं आहे अशी सगळ्या कंपनीत कुजबुज होती.

आबांचा चेहरा पार उतरला. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. पण अडलात हा शब्द त्यांना लागला होता. तोपर्यंत त्यांना माहीतच नव्हतं, की ते अडले होते. त्यांच्या लेखी ते थांबले होते.

"मी अडलो?" ते म्हणाले.

त्यांची नजर एकेकावरून फिरत अक्कावर थांबली.

"अक्का, मी अडलो होतो?"

अक्का आबांच्या समोर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिनं आयुष्यात एकाच गोष्टीची इच्छा धरली होती आणि ती तोंडानं कधी काढली नव्हती. त्या सकाळी, तिनं मला फार नंतर सांगितलं, ती ठरवूनच खाली आली होती: आज तालीम झाली की आबाला सांगायचं, मला एकदा म्हणून बघू दे, हसलास तरी हसून झाल्यावर बघ. भावांना 'बघते' म्हणाली ती एवढ्यासाठीच. आणि आता आबा कानापाशी रंग ठेवून तिला विचारत होते, मी अडलो होतो का.

"नाही रे," ती म्हणाली. "तू कुठला अडतोस. तू थांबला होतास. मी तुला सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"ऊठ म्हटलं."

"म्हणजे शब्द नव्हता दिला?"

"नाही. पूर्ण शब्द होता तो."

आबांनी हातातला घास खाली ठेवला. "आजोबांचा नियम ठाऊक आहे ना तुला?"

"आहे."

"मग का म्हणालीस?"

"घरात दुसरं कुणी म्हणणारं नव्हतं."

आबांनी पान बाजूला सारलं. खुर्ची मागं करून उभे राहिले, अगदी सरळ, स्टेजवर राहत तसे. "बरं," ते म्हणाले. "म्हटलंस, मी उठलो. माझं नाटक स्वच्छ झालं." दारात जाऊन थांबले आणि वळले नाहीत. "यापुढं मला अरे-तुरे करायचं नाही."

*

अक्का तशीच बसून राहिली. हे उठून तिच्यापाशी गेले. मला वाटलं, खांद्यावर हात ठेवतील.

"दादाला शब्द दिला होतास ना?" हे हळूच म्हणाले. "थोरल्यासाठी वाट मोकळी केलीस. मला बघते म्हणालीस आणि बघितलंस ते त्याचं."

"जा," अक्का म्हणाली. "पान उचल तुझं."

तेवढ्यात खालून ठोकल्याचा आवाज आला. दादा कधी उठून गेले होते ते कळलंच नव्हतं. हे जिन्यावरून खाली धावले. मी मागोमाग गेले, पण विंगेतच थांबले.

सगळे दिवे विझवले होते, तालमीचा एक तेवढा जळत होता. दादा सिंहासनावर बसले होते. हातात हातोडी, मांडीवर शेला, घडी न मोडलेला. भूमिकेत वगैरे नव्हते. दमून बाकावर बसावं तसे पाय पसरून बसले होते.

"काय करतोयस?" हे म्हणाले.

"पाय बघत होतो. डगमगत होता."

"मग झाला का बघून?"

दादा इकडं तिकडं बघत होते. स्वतःच रंगवलेले खांब, स्वतःच टांगलेला पडदा. ते पहिल्यांदाच या बाजूनं, दार न लावता, बघत होते.

"झाला," ते म्हणाले. "आता उठतो."

हे उभे राहिले. मी ह्यांचे हात बघत होते. एक शब्द बोलले असते तर आपल्याच तोंडानं आपला हक्क घालवला असता. न बोलले तर तो तसाही चालला होता. नियम ज्यांनी केला ते सुखानं मेले होते.

दादांनाही हसू आलं असावं, ओठ हलले. पण ते उठले नाहीत. थोड्या वेळानं हे स्टेजवर काढून ठेवलेली दाढी उचलून माझ्याजवळून निघून गेले. मला बघितलंसुद्धा नाही.

खाली येऊन जाऊबाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या होत्या. नवऱ्याकडे बघत पुटपुटल्या, "घ्या. बसलं कपाट."

*

दादांनी सात हंगाम कारभारी केला. वाईट नाही, पण लोक येत ते पडदे आणि महाल बघायला, आणि पुढं पुढं तेही येईनात. शेवटच्या वर्षी ते पाचवा अंक खरोखरच मोकळ्या हॉलला करीत. मग थिएटर एका कापडवाल्यानं गोदामासाठी घेतलं. दादा त्याच्याकडेच रखवालीचं काम बघू लागले, कारण तिथल्या कुठल्या फळीला कुठं पाचर मारायची ते दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. जाऊबाईंशी ते त्या जेवणानंतर कामापुरतंच बोलले. जाऊबाई शेवटपर्यंत म्हणत, "बरंय, ऐकावं तरी लागत नाही," आणि त्यांचं जेवण झाल्याशिवाय कधी जेवल्या नाहीत.

आबा पुढच्याच हंगामात गेले. ते शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत, की मी अडलो म्हणून नाही उतरलो, मला पोरीनं उठवलं. हे सांगताना त्यांची मान ताठ असे. अक्का समोर आली की मात्र खिडकीकडे बघत. ती त्यांना अहो-जाहो करू लागली होती. ती 'अहो आबा' म्हणाली, की दोघंही क्षणभर कुणी परकं आत आल्यासारखे थबकत.

आम्ही त्या तालमीच्या महिन्यातच घर सोडलं होतं; आबांच्या आजारपणात मी तेवढी येऊन राहिले. ह्यांनी पुन्हा स्टेजवर पाऊल ठेवलं नाही. दुसऱ्या शहरात रंगाच्या दुकानात नोकरी धरली. आवाज तोच होता. पिवळ्या रंगाचे प्रकार असे सांगत, की गिऱ्हाईक पांढरा घ्यायला आलेलं पिवळा घेऊन जाई. मालक खूष, आणि हे घरी येऊन दिवा न लावता बसून राहत. अक्काचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे.

कंपनी बंद झाल्यावर अक्कालाही काम शोधावं लागलं, आणि मिळालं ते आमच्याच शहरात, मोठ्या बसस्थानकावर, गाड्यांच्या घोषणा करायचं. काचेच्या खोलीत बसून दिवसभर गाव आणि फलाट सांगायचे. पूर्ण शब्द, पूर्ण वाक्यं, हजार माणसं ऐकणारी. ती एकदा दुपारी माझ्याकडे आली, हे दुकानात असताना, आणि त्या जेवणाचं सगळं बोलली. मी संध्याकाळी ह्यांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली, आणि जेवायला वाढ म्हणाले.

त्यानंतर सुटीच्या दिवशी हे कपडे करून बाहेर पडू लागले. कुठं जाता विचारलं की म्हणत, जरा चक्कर मारून येतो. पुढं मला कळलं. बसस्थानकावर जायचे. तिकीट नाही, सामान नाही. कर्ण्याखालच्या बाकावर बसायचे आणि तिचा आवाज ऐकायचे, तिची पाळी संपेपर्यंत. काचेच्या खोलीपर्यंत एकदाही गेले नाहीत. हे वारले त्याच्या आधीच्या सुटीलाही जाऊन आले होते.

सुतकाचे दिवस उलटल्यावर अक्का भेटायला आली. मी तिला ते सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "माहीत आहे. समोरच बसायचा तो. मला काचेतून दिसायचा."

"मग हाक नाही मारलीत?"



"माईक माझ्याच हातात होता गं," ती म्हणाली. "एक शब्द बोलले असते तर तो उठला असता."